जॉन बी. गफ : पेल्याची सोबत आणि प्रेमाचा हात

मनुष्य दारूकडे पहिल्या वेळी बहुधा तहानेने जात नाही. तो सोबतीसाठी जातो. लग्नात किंवा जत्रेत चार सोबती पेला पुढे करितात, आणि नाही म्हटले तर आपण ह्यांच्यातले राहणार नाही, ह्या भीतीने तो पेला घेतो. आमच्या खेड्यांत हे जसे घडते तसेच दूरदेशीही घडत आले आहे. म्हणून अमेरिकेतील प्रख्यात मद्यनिषेधक जॉन बी. गफ ह्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

गफ इंग्लंडात केंट परगण्यातील सँडगेट गावी २२ ऑगस्ट १८१७ रोजी जन्मला. बाप पेन्शनीत निघालेला शिपाई होता. आई गावच्या मुलांस शिकवीत असे. घरी गरिबी, म्हणून १८२९ साली, त्यास बारावे वर्ष चालू असता, आईबापांनी अमेरिकेस जाणाऱ्या एका कुटुंबाबरोबर त्यास पाठवून दिले. तेथे काही काळ शेतावर राबून तो न्यूयॉर्क शहरी आला व पुस्तके बांधण्याचा धंदा शिकला. १८३३ साली आई व बहीण त्याजकडे आल्या. परंतु पुढे त्याचे काम सुटले, घरात अन्नाची व सरपणाची वाण पडली, आणि १८३४ साली आई वारली. तिला गोरगरिबांप्रमाणे पुरण्यात आले.

आता त्या परक्या शहरात ह्या तरुणास आपले म्हणणारे थोडेच उरले. त्याचा गळा गोड होता, आणि नकला करून लोकांस हसविण्याची कला त्यास उत्तम साधली होती. गुत्त्यात व नाटकवाल्यांच्या मंडळीत त्याचे स्वागत होऊ लागले. तो गाई, लोक हसत, आणि कोणीतरी त्याच्यापुढे पेला ठेवी. मद्यनिषेध करणाऱ्या सज्जनांची टर उडविणाऱ्या एका नाटकातही त्याने काम केले. ज्या मंडळीत मान मिळे तेथे पिणे हीच रीत होती, आणि ती मोडण्याचे बळ त्याच्यात नव्हते.

पण सोबतीसाठी धरलेल्या दारूने पुढे त्याची सर्व सोबत हिरावून घेतली. हात कापू लागल्यामुळे धंद्यातले नाजूक काम त्याच्याने होईना. त्याने लग्न केले. परंतु थोड्याच वर्षांत पत्नी व तान्हे मूल दोघेही वारले, आणि त्या दुःखातही तो पीतच राहिला. पूर्वी जे त्याच्या गाण्यास टाळ्या देत, ते आता त्यास ओळख देईनात.

१८४२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, एका रविवारी संध्याकाळी, वूस्टर शहराच्या रस्त्यावर तो झिंगत चालला असता कोणी त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेविला. तो जोएल स्ट्रॅटन होता. दारू न ठेवणाऱ्या एका खानावळीत तो वाढप्याचे काम करी. त्याने गफची निर्भर्त्सना केली नाही. ममतेने बोलून, दुसऱ्या दिवशीच्या सभेस येऊन प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची विनंती केली. गफ गेला आणि कापऱ्या हाताने त्याने सही केली.

त्यानंतरचे दिवस फार भयंकर गेले. अंग थरथरे, झोप येईना, नाही नाही ते भास होत. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडिली असता असा वात होतो व त्यात जीवही जाऊ शकतो, हे आज वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे. म्हणून अशा मनुष्यास डॉक्टरांकडे नेणे हे त्याच्या सोबत्यांचे कर्तव्य होय. गफ त्यातून वाचला.

परंतु सुमारे पाच महिन्यांनी बोस्टन येथे जुने सोबती भेटले, त्यांनी पेला पुढे केला, आणि त्याने तो घेतला. लाजेने तो वूस्टर सोडून जाण्यास निघाला होता. पण मित्रांनी त्यास थांबविले. त्याने भर सभेत आपला अपराध कबूल केला व पुन्हा सही केली. लोकांनी त्यास टाकिले नाही.

१८४५ साली न्यूयॉर्कमध्ये तो पुन्हा पडला. कोणी पेयात काही मिसळून दिले, असे त्याचे म्हणणे होते. विरोधकांनी ते खोटे ठरविले व त्याची फार निंदा केली. बोस्टन येथील त्याच्या मंडळीने चौकशी करून त्यास आपल्या सहवासातून काढिले नाही. ह्यापुढे चाळीस वर्षे त्याने दारूविरुद्ध काम केले. अमेरिकेत तसेच ग्रेट ब्रिटनमध्ये मिळून त्याने नऊ हजारांहून अधिक व्याख्याने दिली. ज्या नकलांनी तो गुत्त्यात हशा पिकवी, त्यांच्याच योगे तो आता सभेस हसवी व रडवी. फेब्रुवारी १८८६ मध्ये फिलाडेल्फियानजीक व्याख्यान देता देताच त्यास झटका आला, आणि १८ तारखेस त्याचा अंत झाला.

वाचकहो, गफच्या पुढे शेकडो लोकांनी पेला केला. खांद्यावर हात मात्र पहिल्याने एका वाढप्याने ठेविला. आमच्या मंडळ्यांतील उपदेशक पिणाऱ्यास दोष दाखवितात, आणि ते योग्यच आहे. पण पेला सोडणारा आपले जुने सोबतीही सोडीत असतो. रविवारी उपासनेत त्यास आमच्याजवळ बसण्यास जागा आहे काय? सणाच्या दिवशी त्यास आमच्या घरी जेवावयास बोलावणे जाते काय? आणि तो एकदा, दोनदा पडला, तर पुन्हा त्याच्या दारी जाण्यास आम्ही सिद्ध आहो काय? ह्या प्रश्नांची उत्तरे आम्ही प्रत्येकाने आपल्या गावात कृतीने द्यावी.