लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (१० ऑगस्ट, इ.स. १९०९ – २१ मार्च, इ.स. १९९१) हे अमेरिकन वाद्यनिर्माते आणि ध्वनिउपकरणांचे रचनाकार होते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारांमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. बेस गिटारच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान दुहेरी आहे. व्यापारी यश मिळवणारी पहिली इलेक्ट्रिक बेस गिटार त्यांनी इ.स. १९५१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या खर्जाच्या स्वरांना पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरची पेटी यांचा मेळ बसवण्यासाठी पुढील अनेक वर्षे खटपट केली. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

पूर्वायुष्य

फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरातील आईवडिलांच्या संत्र्यांच्या मळ्यात झाला. बालपणी आजारामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला व तेथे काचेचा डोळा बसवण्यात आला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना लष्करी सेवेसाठी बोलावण्यात आले नाही. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मामांनी, जे सांता मारिया येथे मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालवत, त्यांना रेडिओच्या सुट्या भागांची एक पेटी पाठवली. पुढे त्या दुकानाला भेट दिली असता मामांनी स्वतः जुळवलेला रेडिओ आणि त्याच्या कर्ण्यातून दारात घुमणारा मोठा आवाज यांनी हा मुलगा भारावून गेला. तेव्हापासून रेडिओ दुरुस्ती हा त्यांचा छंद झाला.

इ.स. १९२८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी लेखापालनाचा अभ्यास केला. बर्फाच्या कंपनीत आणि राज्याच्या महामार्ग विभागात त्यांनी नोकऱ्या केल्या. इ.स. १९३४ मध्ये त्यांचा एस्थर यांच्याशी विवाह झाला. महामंदीच्या काळात हिशेबनिसाच्या नोकऱ्या एकामागून एक सुटल्या. अखेर इ.स. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. नृत्यगृहांतील वाद्यवृंदांसाठी ध्वनिक्षेपण यंत्रणा बनवून देण्याचे काम त्यांनी याआधीच केले होते. दुकान सुरू झाल्यावर वादक बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. कोणता भाग वारंवार जळतो, कोणता कर्णा फाटतो आणि प्रवासात काय मोडते, याचे ज्ञान त्यांना या दुरुस्तीच्या बाकावर मिळाले. त्यांची पुढील सर्व उपकरणे उघडायला व दुरुस्त करायला सोपी असत, याचे मूळ येथेच असावे.

इ.स. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्यासोबत त्यांनी के अँड एफ या नावाने हवाईयन गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवण्यास सुरुवात केली. कॉफमन पुढच्याच वर्षी बाहेर पडले आणि फेंडर यांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. इ.स. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन त्यांना येऊन मिळाले.

प्रिसिजन बेस

त्या काळी वाद्यवृंदातील खर्जाचा भाग डबल बेस या माणसाहून उंच वाद्यावर वाजवला जाई. ते वाहून नेणे जिकिरीचे होते आणि विद्युत गिटार व ढोल-झांजांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. त्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळे नेमका सूर लावण्यासाठी दीर्घ रियाज लागे. फेंडर यांनी गिटारसारखे आडवे धरता येणारे, पडदे असलेले, ३४ इंच तारलांबीचे भरीव लाकडी वाद्य तयार केले. सूर अचूक लागतो म्हणून त्याला प्रिसिजन हे नाव देण्यात आले. अशी कल्पना त्यांच्याआधी, इ.स. १९३० च्या दशकात, सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनी मांडली होती, पण ती फारशी रुजली नाही. फेंडर यांचे वाद्य लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातील मंक मॉन्टगोमेरी यांच्यासारख्या वादकांमुळे लवकर लोकांपुढे आले.

वाद्य तयार झाले, परंतु त्याचा आवाज ऐकवणार कसा, हा प्रश्न शिल्लक होता. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. गिटारची सर्वांत जाड तार याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झवर असते. एक सप्तक खाली उतरून तेवढ्याच जोराचा आवाज काढायचा तर स्पीकरच्या कागदी शंकूला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. गिटारसाठी बनवलेले तत्कालीन स्पीकर यासाठी बनलेले नव्हते. शंकू फाटणे आणि व्हॉइस कॉइल जळणे हे नित्याचे होते.

बासमन आणि पेटीचा प्रश्न

इ.स. १९५२ मध्ये फेंडर यांनी बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याची शक्ती सुमारे २६ वॅट होती आणि त्याच पेटीत जेन्सन कंपनीचा १५ इंची एक स्पीकर बसवलेला होता. पेटीची पाठ बरीचशी बंद ठेवून तिला गोल छिद्रे पाडली होती. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्पीकरचा शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबतो व त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. पाठ पूर्ण उघडी असेल तर मागची लाट पेटीला वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खोडून काढते. उंच स्वरांत याचा त्रास कमी होतो. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी मात्र ८ मीटरहून अधिक असते. अर्ध्या-पाऊण मीटरची फळी तिला अडवू शकत नाही. म्हणून खर्जासाठी बंद किंवा नेमके छिद्र असलेली पेटी आवश्यक ठरते.

तरीही एकट्या स्पीकरवर ताण येतच होता. इ.स. १९५४ च्या अखेरीस फेंडर यांनी बासमनची रचना बदलली आणि एका मोठ्या स्पीकरऐवजी १० इंची चार स्पीकर बसवले. चौघांत भार वाटला गेल्यामुळे प्रत्येक शंकूला कमी हलावे लागे. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडल्यामुळे एकूण भार २ ओहम झाला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही त्याच भारासाठी गुंडाळलेला होता. निर्वात नलिकांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही जुळणी कळीची असते. नलिकांना काही हजार ओहमचा भार हवा असतो, स्पीकर मात्र काही ओहमचाच असतो. दोन्हींच्या मधला ट्रान्सफॉर्मर आपल्या वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे हा भार नलिकांना वाढवून दाखवतो. २ ओहमच्या जागी ८ ओहमची पेटी जोडली तर नलिकांना दिसणारा भार चौपट होतो, शक्ती घटते आणि स्वराचा पोत बदलतो. स्पीकर न जोडताच अ‍ॅम्प्लिफायर जोरात वाजवला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये उच्च दाब निर्माण होऊन तो निकामी होण्याचा धोका असतो. फेंडर यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील मुख्य स्पीकरचे छिद्र यासाठीच असे केलेले असे, की त्यात काही जोडलेले नसले तर ते आपोआप शॉर्ट होई व ट्रान्सफॉर्मर बचावे. दुरुस्तीच्या बाकावर बसलेल्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती आहे.

चार स्पीकरच्या या बासमनची पाठ मात्र उघडी होती. त्यामुळे खर्जाचे बळ हवे तितके मिळाले नाही. बेस अ‍ॅम्प्लिफायर म्हणून पाहिले तर ही रचना अर्धवटच यशस्वी म्हणावी लागेल. गिटारवादकांना मात्र तिने मोहिनी घातली. चार लहान शंकूंचा चपळ प्रतिसाद आणि आवाज वाढवल्यावर येणारी भरीव खरखर त्यांना भावली. इ.स. १९५० च्या दशकाच्या अखेरची, सुमारे ४५ वॅटची आवृत्ती आजही गिटारच्या श्रेष्ठ अ‍ॅम्प्लिफायरांत गणली जाते. लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानातील तंत्रज्ञांनी इ.स. १९६२ च्या सुमारास याच आवृत्तीच्या मंडलावरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. मंडल जवळजवळ तेच होते, पण त्यांनी तो १२ इंची चार स्पीकरच्या बंद पेटीला जोडला आणि नलिकाही वेगळ्या वापरल्या. स्वर इतका पालटला की त्यातून ब्रिटिश रॉक संगीताचा निराळा नाद जन्मला. स्वर घडवण्यात पेटीचा वाटा किती असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पेटी वेगळी झाली

अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर एकाच खोक्यात असले की नलिकांची उष्णता बाहेर जाण्यासाठी पाठ उघडी ठेवावी लागते, शिवाय खर्जाची थरथर थेट नलिकांना बसते. इ.स. १९६० नंतर फेंडर यांनी दोन्ही वेगळे केले. नव्या बासमनमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे डोके वर आणि बंद पाठीची स्पीकरपेटी खाली अशी मांडणी होती. आरंभी तिच्यात १२ इंची एकच स्पीकर होता, लवकरच दोन झाले. याच सुमारास अ‍ॅम्पेग कंपनीने पोर्टाफ्लेक्स हा बेस अ‍ॅम्प्लिफायर आणला, ज्याचे डोके उलटे करून पेटीतच ठेवता येई. ध्वनिमुद्रणगृहांत त्याला मोठी पसंती मिळाली. मोटाऊनचे बेसवादक जेम्स जेमरसन यांची प्रिसिजन बेस फेंडरची होती, अ‍ॅम्प्लिफायर मात्र अ‍ॅम्पेगचा. फेंडर यांच्या वाद्याला जे यश लाभले ते त्यांच्या बेस अ‍ॅम्प्लिफायरला त्या प्रमाणात लाभले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

अधिक शक्तीचा मार्ग त्यांना एका गिटारवादकामुळे सापडला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बाल्बोआ येथील नृत्यगृहात हजारोंच्या गर्दीपुढे वाजवणारे डिक डेल स्पीकरमागून स्पीकर निकामी करत. फेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रेडी तावारेस यांनी प्रत्यक्ष तेथे जाऊन ते वादन ऐकले. त्यातून मोठ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा शोमन अ‍ॅम्प्लिफायर आणि जेबीएल कंपनीचा १५ इंची मजबूत स्पीकर यांची जोडी जमली. पुढे एका पेटीत असे दोन स्पीकर आले आणि ही मोठी पेटी अनेक बेसवादकांनीही स्वीकारली.

वाद्याच्या बाजूनेही त्यांनी हा प्रश्न हाताळला. आरंभीच्या प्रिसिजन बेसमध्ये प्रत्येक तारेखाली एकच चुंबक होता आणि तार छेडताक्षणी उठणारा तीव्र आघात स्पीकरला झोंबे. इ.स. १९५७ च्या दुभागलेल्या पिकअपमध्ये तारेच्या दोन बाजूंना दोन चुंबक बसवल्याने हा आघात सौम्य झाला. इ.स. १९६० च्या जाझ बेसमध्येही हेच तत्त्व ठेवण्यात आले.

बंद पेटीचा आकार व छिद्राची लांबी गणिताने ठरवण्याची सोय तेव्हा वाद्यनिर्मात्यांना नव्हती. ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांचा याविषयीचा मूलभूत निबंध इ.स. १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो जगभर पोहोचायला आणखी दशक लागले. फेंडर यांची पद्धत करून पाहण्याची होती. नमुना तयार करायचा, वादकाच्या हाती द्यायचा, तो काय म्हणतो ते ऐकायचे आणि पुन्हा बाकावर बसायचे.

कंपनीची विक्री व उत्तरायुष्य

इ.स. १९५० च्या दशकात फेंडर यांना घशा-नाकाचा चिवट संसर्ग जडला. आपण फार जगणार नाही अशी त्यांची समजूत झाली आणि जानेवारी, इ.स. १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. काही काळाने एका वैद्याच्या उपचारांनी ते बरे झाले. तोवर कंपनी हातची गेली होती आणि करारानुसार दहा वर्षे त्यांना स्पर्धेत उतरता येत नव्हते.

ही मुदत संपताच, इ.स. १९७५ मध्ये, ते म्युझिक मॅन या कंपनीचे अध्यक्ष झाले. ही कंपनी त्यांचे जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी सुरू केली होती. तेथील स्टिंगरे बेसमध्ये (इ.स. १९७६) वाद्यातच बॅटरीवर चालणारा प्रवर्धक होता, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारा संकेत मुळातच अधिक जोरकस व वादकाच्या हातात राहणारा झाला. भागीदारांशी मतभेद झाल्यावर ते बाहेर पडले आणि जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल ही कंपनी स्थापन केली. एस्थर यांचे इ.स. १९७९ मध्ये निधन झाले. पुढील वर्षी फेंडर यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला.

अखेरच्या वर्षांत त्यांना पार्किन्सनचा आजार जडला, तरी ते कार्यशाळेत जात राहिले. २१ मार्च, इ.स. १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. इ.स. १९९२ मध्ये त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. जी अँड एलच्या कारखान्यातील त्यांची कार्यशाळा, बाकावरच्या अवजारांसह, त्यांच्या पश्चात तशीच जपून ठेवण्यात आली.