डॉ. रखमाबाई राऊत : एका स्वाभिमानी जीवनाची गाथा

आज आपल्या घरातील मुलगी डॉक्टर झाली की पेढे वाटले जातात, समाजाच्या मेळाव्यात तिचा सत्कार होतो. परंतु याच मुंबईत एकोणिसाव्या शतकात एका तरुणीला शिकण्यासाठी व आपल्या देहावरील आपला अधिकार राखण्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी ठेवावी लागली होती. त्या तेजस्वी स्त्रीचे नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न कोवळ्या वयात झाले आणि अवघ्या सतराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. त्या वेळी रखमाबाई जेमतेम अडीच वर्षांच्या होत्या. सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मिळकत त्यांनी मुलीच्या नावे केली. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामवंत वैद्यकतज्ज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सावत्र पिता हा शब्द त्यांच्या बाबतीत केवळ नात्यापुरता उरला, इतकी माया त्यांनी या मुलीवर केली.

तथापि रूढीचा पगडा एवढा जबरदस्त होता, की अशा सुधारक घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. वर दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचे, डॉक्टरांच्याच नात्यातले. जावयाने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे व कर्ते व्हावे, असे ठरले होते. ते घडले नाही. दादाजींनी शिक्षण सोडले आणि ते मामाच्या घरी राहू लागले. इकडे रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती, परंतु मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरच्या घरी आपला अभ्यास चालू ठेवला. जसजशी जाण येत गेली तसतसा त्यांचा निश्चय होत गेला, की अजाणत्या वयात आपल्यावर लादलेला हा संसार आपण करणार नाही.

1884 साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस धाडली व पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयात दावा गुदरला. पत्नीने नांदावयास यावे, एवढीच त्यांची मागणी होती. खटला चालू असतानाच 1885 च्या एप्रिलमध्ये डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले आणि ऐन वेळी पित्याचे छत्र हरपले. त्याच वर्षी एक हिंदू स्त्री या टोपणनावाने रखमाबाईंची दोन पत्रे टाइम्स ऑफ इंडियात प्रसिद्ध झाली. बालविवाहामुळे मुलीचे शिक्षण, आरोग्य व मन या तिन्हींचा कसा नाश होतो, हे त्यांत त्यांनी निर्भीडपणे मांडले होते.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. असा दावा लावण्याची रीत मुळात इंग्लंडच्या कायद्यातून येथे आली आहे, हिंदू कायद्यात तिला आधार नाही, शिवाय अजाणपणी लग्न झालेल्या व कधीही न नांदलेल्या स्त्रीला बळाने पतीच्या स्वाधीन करणे अमानुष ठरेल, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. या निकालाने देशभर वादळ उठले. केसरी व मराठा या पत्रांनी धर्मात परकीयांची ढवळाढवळ म्हणून त्यावर कडाडून टीका केली. बेहरामजी मलबारी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखी मंडळी रखमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली.

1886 साली अपिलात तो निकाल फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास भोगावा. बावीस वर्षांच्या त्या तरुणीने शांतपणे कळविले, की आपण तुरुंग पत्करू, पण नांदावयास जाणार नाही. कायद्यापुढून त्या पळाल्या नाहीत. त्याची शिक्षा सोसण्याची तयारी दाखवून त्यांनी त्या कायद्यातील अन्यायच जगापुढे मांडला. अखेर जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. 2000 रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी न करण्याचे मान्य केले. हिंदू विवाहास त्या काळी घटस्फोट नव्हता, त्यामुळे लग्न कायम राहिले, सुटका मात्र झाली. दादाजींना दुसरे लग्न करण्याची मोकळीक होती, ती रखमाबाईंना नव्हती.

या प्रकरणाचे पडसाद विलायतेपर्यंत उमटले. पुढे कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहितेचा पतीच्या अत्याचाराने मृत्यू झाला आणि लोकमत हादरले. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आज ही दोन वर्षे क्षुल्लक वाटतील, परंतु विवाहितेच्या देहाचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

रखमाबाईंनी मात्र झालेल्या अन्यायाला कुरवाळीत बसणे नाकारले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या 1889 साली इंग्लंडला गेल्या. तेथे मॅक्लॅरेन दांपत्याने त्यांना आधार दिला. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेऊन, पुढील परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या मायदेशी परतल्या. प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

1895 पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली व त्यानंतर राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले. सुमारे 35 वर्षे त्या गुजरात-काठियावाडात राहिल्या. पुरुष डॉक्टरांसमोर जाण्यास लाजणाऱ्या, दुखणे अंगावर काढणाऱ्या कित्येक माताभगिनींना त्यांच्यामुळे उपचार लाभले. प्लेगच्या साथीतील सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. 1904 साली दादाजींच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा त्यांनी वैधव्याची शुभ्र वस्त्रे धारण केली. ज्या नात्याला त्यांनी कोर्टात नकार दिला, त्याचीच खूण त्यांनी अंगावर का वागविली, याचा उलगडा ज्याचा त्याने करावा. निवृत्तीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली.

25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात त्यांनी देह ठेवला. योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. हा कायदा जैन समाजालाही लागू आहे. त्याने द्विभार्या पद्धत बंद केली आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. मात्र ज्या दाव्याने रखमाबाईंना तुरुंगाच्या दारापर्यंत नेले, तो नांदावयास येण्याचा दावाही त्याच्या नवव्या कलमात कायम राहिला. त्यासाठी तुरुंगात घालण्याची तरतूद तेवढी 1923 सालीच रद्द झाली होती. मुलीच्या लग्नाचे वय 1978 साली अठरा झाले, तर घरातील छळापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 2006 च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला.

विक्रोळीहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, की कामा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तेथून एका स्त्रीच्या आयुष्याची वाट बदलली. कायदे पुस्तकात येतात, पण घरात येण्यास त्यांना आईबापांचा उंबरठा ओलांडावा लागतो. लग्नाआधी मुलीचे मन विचारणे, तिचे शिक्षण अर्ध्यावर न तोडणे आणि सासरी त्रास होत असल्यास तिला माहेरचे दार उघडे ठेवणे, एवढे प्रत्येक घराने केले तरी रखमाबाईंचे ऋण काही अंशी फिटेल.

त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!