आल्प्सच्या ढगांत हरपलेला अणुशिल्पकार

जिनिव्हाच्या विमानतळावर उतरण्यास थोडाच अवधी उरला असताना, २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचे 'कांचनगंगा' हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी अशा सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला. भारतीय अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी जहांगीर भाभा त्या प्रवाशांत होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. त्यांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते. लालबहादूर शास्त्री यांच्या निधनाला दोन आठवडेही उलटले नव्हते आणि त्याच दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. नव्या सरकारच्या पहिल्याच दिवशी देशाला हा आघात सोसावा लागला.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. मुलाने केंब्रिजहून अभियंता होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवल्यास गणिताच्या अभ्यासाला परवानगी मिळेल, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये होमींनी ती पूर्ण केली. पुढे १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध भडकले. परतीचा मार्ग बंद झाल्याने ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागले. तेथेच, देशात मूलभूत संशोधनाची संस्था हवी, हा विचार दृढ झाला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून तसा प्रस्ताव मांडला. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या आधीच, अणुऊर्जेसाठी लागणारे तज्ज्ञ भारताला परदेशात शोधावे लागू नयेत, ही दृष्टी त्या पत्रात होती. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भे येथे 'अप्सरा' ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक अणुभट्टी कार्यान्वित झाली.

विज्ञानाइतकाच चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांचा त्यांना ध्यास होता. कुलाब्याच्या संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांच्या कलाकृती आवर्जून लावल्या. बांधकामाच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट हलवून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे.

अशा माणसाचा अंत एका छोट्याशा गैरसमजातून झाला. विमानाने बैरूत सोडले तेव्हा दिशादर्शक यंत्रणेतील एक ग्राहक यंत्र नादुरुस्त होते. जिनिव्हाच्या नियंत्रण कक्षाने रडारवर पाहून विमानाचे माँ ब्लाँपासूनचे अंतर कळवले. वैमानिकाने त्याचा अर्थ पर्वतरांग ओलांडली गेली असा घेतला आणि ढगांत विमान खाली आणले, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीत निघाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' हे विमान याच पर्वतावर आदळून ४८ जण दगावले होते. घातपाताची शंका पुढे अनेकदा व्यक्त झाली, परंतु तिला बळ देणारा ठोस पुरावा समोर आलेला नाही. बोसाँ हिमनदी मात्र त्या विमानाच्या खुणा आजवर परत करीत आली आहे. २०१२ मध्ये तिच्या बर्फातून भारतीय राजनैतिक टपालाची पिशवी मिळाली, तर २०२० मध्ये जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे सापडली.

भाभा यांच्या हाती आयोग, अणुऊर्जा खाते, तुर्भ्याचे केंद्र आणि टाटा संस्था अशी सर्व सूत्रे एकवटली होती. एवढी सत्ता एका व्यक्तीकडे असण्यातला धोका त्या सकाळी उघड झाला. एका माणसासोबत देशाचा अणुकार्यक्रमच संपतो की काय, अशी भीती वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. आयोगाची धुरा विक्रम साराभाई यांनी, तुर्भ्याची होमी सेठना यांनी आणि टाटा संस्थेची एम. जी. के. मेनन यांनी उचलली. १९६९ मध्ये तारापूरची वीज वाहू लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीच्या वेळी सेठना आयोगाचे अध्यक्ष, तर राजा रामण्णा तुर्भ्याच्या केंद्राचे संचालक होते. सेठना, मेनन आणि रामण्णा हे तिघेही भाभांच्याच हाताखाली घडलेले होते.

आधी माणूस हेरायचा आणि मग त्याच्याभोवती विभाग उभारायचा, ही त्यांची रीत होती. जानेवारी १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. १९५७ मध्ये त्यांनी तेथे सुरू केलेल्या प्रशिक्षणशाळेतून आजही दरवर्षी तरुण शास्त्रज्ञांची नवी तुकडी बाहेर पडते.