अप्रीति आणि लोकमान्य टिळक

शेगांव हें आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील सर्वविश्रुत क्षेत्र होय. तेथील श्रीगजानन महाराजांचें चरित्र दासगणूंनीं 'गजाननविजय' या ओवीबद्ध ग्रंथांत गाइलें आहे. १९०८ सालीं अकोल्यास शिवजयंतीच्या उत्सवाकरितां लोकमान्य टिळक आले असतां महाराजही त्या सभेंत होते, आणि टिळकांवर येणाऱ्या बंदिवासाचें भाकित त्यांनीं तेथें केलें, अशी कथा त्यांत आहे. पुढें थोड्याच दिवसांत, २४ जून १९०८ रोजीं, टिळकांस अटक झाली. ही कथा जिल्ह्यांत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ज्या एका शब्दापायीं तो बंदिवास घडला, त्याची माहिती आम्हां विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच असेल. म्हणून त्या शब्दाच्या अनुरोधानें लोकमान्यांचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. वडील शिक्षक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पदवी घेऊन त्यांनीं पुढें कायद्याचा अभ्यास केला. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल स्थापिलें, व १८८१ सालीं 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें निघालीं. कायदा आणि लेखणी या दोहोंची गांठ त्यांच्या आयुष्यांत वारंवार पडावयाची होती.

१८७० सालीं हिंदुस्थानच्या दंडविधानांत १२४ अ हें कलम घालण्यांत आलें. सरकारविषयीं लोकांच्या मनांत अप्रीति उत्पन्न करणें हा त्यान्वयें गुन्हा ठरला. सरकारच्या कृत्यांविषयीं नुसती नापसंती दर्शविणें हा मात्र गुन्हा नव्हे, असें स्पष्टीकरणही जोडलें होतें. पण नापसंती कोठें संपते आणि अप्रीति कोठें सुरू होते, हें ठरविणें सोपें नव्हतें.

१८९७ सालीं पुण्यास प्लेगनें व प्लेगच्या बंदोबस्तांतील जाचानें लोक त्रस्त झाले होते. २२ जून रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्यापूर्वी एक आठवडा, १५ जूनच्या 'केसरी'त, शिवाजी उत्सवाचा वृत्तांत व शिवाजीमहाराजांच्या मुखीं घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली होती. त्यांवरून टिळकांवर खटला झाला. अप्रीति म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस समजाविला. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. प्रोफेसर मॅक्समुल्लर प्रभृति विद्वानांनीं रदबदली केल्यावर सप्टेंबर १८९८ मध्यें त्यांची मुदतीपूर्वीं सुटका झाली. त्याच सालीं कायदा दुरुस्त होऊन अप्रीतींत राजनिष्ठेचा अभाव व सर्व प्रकारची वैरभावना समाविष्ट करण्यांत आली.

१९०८ सालीं मुझफरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर लिहिलेल्या लेखांवरून दुसरा खटला झाला. न्यायासनावर न्यायमूर्ति दावर होते. हेच दावर १८९७ सालीं टिळकांच्या जामिनासाठीं वकील म्हणून उभे राहिले होते. टिळकांनीं आपला बचाव स्वतः केला. त्यांचें भाषण एकवीस तासांहून अधिक चाललें. मराठी शब्दांचीं इंग्रजी भाषांतरें मूळ अर्थास सोडून आहेत, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. ज्यूरीनें सातांविरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें, व सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस संप केला. आमच्या वऱ्हाडांतील, उमरावतीचे दादासाहेब खापर्डे अपिलाच्या खटपटीसाठीं विलायतेस गेले; परंतु यश आलें नाहीं. मंडालेच्या तुरुंगांत टिळकांनीं 'गीतारहस्य' लिहिलें. ते तेथें असतांनाच, १९१२ सालीं, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे निवर्तल्या. १९१४ सालीं ते सुटले.

१९१६ सालीं बेळगांव व अहमदनगर येथील भाषणांवरून त्यांच्याकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचे जामीन मागण्यांत आले. या वेळीं बॅरिस्टर जीना यांनीं बाजू मांडली, आणि हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. राज्यपद्धतींत बदल मागणें म्हणजे अप्रीति नव्हे, हें टिळकांचें म्हणणें अखेरीस मान्य झालें. १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

कलम मात्र पुष्कळ वर्षें टिकलें. १९२२ सालीं महात्मा गांधींसही त्याखालींच सहा वर्षांची शिक्षा झाली. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अंमल स्थगित केला. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता सुरू झाली, तींत राष्ट्राचें ऐक्य व सार्वभौमत्व धोक्यांत आणणाऱ्या कृत्यांस शिक्षा आहे. परंतु अप्रीति हा शब्द नाहीं.

या चरित्रापासून आम्हांस दोन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. नियम पाळणें हें आम्हां सर्वांचें कर्तव्य आहे व त्याची सक्ति होऊं शकते. पण प्रीति मागून मिळत नाहीं, ती न्यायानें व ममतेनें मिळवावी लागते. ज्यास पुढें मॉनिटर, शिक्षक वा अधिकारी व्हावयाचें आहे, त्यानें हें विसरूं नये. दुसरी गोष्ट शब्दांची. एका शब्दाचा अर्थ थोडा रुंदावला कीं एका मनुष्याचीं वर्षें तुरुंगांत जातात. म्हणून मराठीच्या तासास शब्दार्थ लिहितांना आम्हीं तें काम हलकें समजूं नये.