वाटाणे मोजणारे मेंडेल

(इयत्ता चौथी)

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हिंचित्से नावाच्या लहान खेड्यात झाला. हे खेडे युरोपात आहे. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते. आता नकाशात तो देश चेक प्रजासत्ताक म्हणून दिसतो. त्यांचे पाळण्यातले नाव योहान. वडील शेतकरी. पण आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराकडे वेठीला जावे लागे. मग स्वतःच्या रानातले काम कधी करायचे? त्या गावच्या शाळेत मुलांना फळझाडांची निगा राखायला शिकवत. तिथेच योहानला झाडांचा नाद लागला.

१८३८ मध्ये वेठीच्या कामावर असताना वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका पडला. त्यांची छाती चेंगरली. ते पुन्हा पहिल्यासारखे काम करू शकले नाहीत. योहान तेव्हा परगावी शिकत होता. घरून पैसे येईनात. तो दुसऱ्या मुलांच्या शिकवण्या घेई आणि कधी कधी अर्धपोटी राही. त्यामुळे आजारीसुद्धा पडला. तेव्हा त्याची धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी तिच्या नावाने जो वाटा ठेवला होता, त्यातला काही भाग तिने भावाच्या शिक्षणाला दिला. मला या गोष्टीत ही बहीणच सगळ्यात जास्त आवडली.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातल्या मठात राहायला गेले. ते ख्रिस्ती साधू झाले आणि त्यांचे नाव ग्रेगोर ठेवले. मठात पोटाची चिंता नव्हती आणि पुस्तके भरपूर होती. ते मुलांना शिकवू लागले. पण मास्तर होण्याची परीक्षा ते १८५० मध्ये नापास झाले. १८५६ मध्ये पुन्हा बसले, तेव्हाही पास झाले नाहीत. तरी मुलांना त्यांचे शिकवणे फार आवडायचे.

मठाच्या आवारात एक लांबट वाफा होता. तिथे त्यांनी वाटाणा लावला. वाटाणाच का? कारण तो लवकर येतो, थोड्या जागेत मावतो आणि त्याच्या जाती डोळ्यांनी ओळखता येतात. कुणाचा दाणा पिवळा, कुणाचा हिरवा. कुणाचा गोल, कुणाचा सुरकुतलेला. एक वेल उंच वाढतो तर दुसरा ठेंगणाच राहतो. मेंडेल कळी उमलायच्या आत उघडायचे आणि आतले परागाचे भाग चिमट्याने काढून टाकायचे. मग दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग त्यावर लावायचे आणि वर पिशवी बांधायचे, म्हणजे माशा नि किडे मधे येणार नाहीत.

पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या झाडांचा असा संकर केला, तर सगळे दाणे पिवळेच आले. हिरवा गेला कुठे? त्यांनी तेच पिवळे दाणे पुढच्या वर्षी पेरले. शेंगा सोलल्या तर हिरवे परत हजर! त्यांनी सगळे दाणे मोजले. पिवळे भरले ६०२२ आणि हिरवे २००१. मी वहीत २००१ ला ३ ने गुणून बघितले. ६००३ आले. म्हणजे तीन पिवळ्यांमागे जवळजवळ एक हिरवा. सुरकुतलेल्या आणि ठेंगण्यांचेही तसेच झाले. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे त्यांनी हे काम केले आणि हजारो झाडे वाढवली. नातवाचे नाक आजोबांवर का जाते, ते या वाटाण्यांवरून कळू लागले.

हवेच्या नोंदी ठेवायचाही त्यांना नाद होता. १८५७ पासून ते रोज उष्णता, हवेचा दाब, वारा आणि पाऊस लिहून ठेवत. मठाच्या विहिरीचे पाणी किती खाली गेले तेही मोजत. विहिरीला किती परस पाणी आहे हे आपल्याकडे आजोबा नुसते डोकावून सांगतात. मेंडेल ते आकड्यांत लिहीत. १३ ऑक्टोबर १८७० रोजी ब्रनोवर भोवऱ्यासारखे वादळ आले. कौले उडाली, काचा फुटल्या. मेंडेल यांनी ते वादळ कसे आले आणि कोणत्या बाजूने फिरत होते, ते नीट बघून पुढच्या वर्षी छापले. मी असतो तर खाटेखाली शिरलो असतो.

वाटाण्याचे काम त्यांनी १८६५ मध्ये सभेत वाचून दाखवले होते आणि १८६६ मध्ये ते छापून आले. पण त्याचे मोल फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. १८६८ मध्ये ते मठाचे प्रमुख झाले आणि सरकारशी कराच्या भांडणात अडकले. बागेला वेळ उरला नाही. हवेच्या नोंदी मात्र त्यांनी म्हातारपणीही सोडल्या नाहीत. तेरेझियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी पैसे दिले. त्यातले दोघे डॉक्टर झाले.

६ जानेवारी १८८४ रोजी मेंडेल वारले. पुढे सोळा वर्षांनी, म्हणजे १९०० मध्ये, तीन शास्त्रज्ञांनी वेगवेगळे काम करून तेच उत्तर काढले. जुनी छापील पाने चाळली तर मेंडेल त्यांच्या आधीच तिथे पोचलेले! १९१० मध्ये ब्रनोत त्यांचा पुतळा उभारला.