राज्य गेलं, पण या मराठी राजाने स्वयंपाकघर लिहून ठेवलं

तंजावरचे मराठे म्हटलं की सांबाराची गोष्ट निघतेच. ती दंतकथा बाजूला ठेवू. कागदावर सापडते ती गोष्ट सरफोजी राजे दुसरे यांची.

तंजावरची गादी शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी उभी केलेली. १७७७ साली जन्मलेल्या सरफोजींना तुळजाजी राजांनी दत्तक घेतलं, पण गादीवर बसले अमरसिंह. पोराला जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी शिकवलं, इंग्रजीसुद्धा. १७९८ ला गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तह करून कारभार काढून घेतला. उरला किल्ला आणि तनखा.

आता करायचं काय? राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. आणि चक्क मुदपाकखान्यातल्या पाककृती लिहून घेतल्या! त्यांच्याच शरभेंद्र या नावावरून ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मराठी हस्तलिखितात ब्राह्मणी जेवण आहे, मांसाहारी आहे आणि इंग्रजी पदार्थही आहेत. तमिळ मुलुखात, मराठी राजाच्या घरी, साहेबाचं जेवण!

१८३२ साली राजे गेले. १८५५ मध्ये वारस नाही म्हणून कंपनीने गादीही खालसा केली. पाककृतींचं बाड मात्र ग्रंथालयात राहिलं, पुढे छापूनही आलं.