बँटिंगसाहेबांचं डाएट

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमध्ये दरवर्षी एक साथ येते. सर्दी-खोकल्याची नाही, डाएटिंगची! कुणी भात बंद करतं, कुणी चपाती सोडतं, कुणी रात्रीची मेसच बंद करून टाकतं. कार्बोहायड्रेट कमी करून वजन उतरवायचं ही आयडिया जिमच्या ट्रेनरची आहे असं आपल्याला वाटतं. पण ती जगभर गाजवली लंडनच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, १८६३ साली. त्यांचं नाव विल्यम बँटिंग. आणि धंदा? शवपेट्या तयार करून अंत्ययात्रेची सगळी व्यवस्था लावायची!

हसू नका, साधासुधा धंदा नव्हता तो. बँटिंग यांच्या पेढीकडे इंग्लंडच्या राजघराण्याचं काम होतं. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनची प्रचंड अंत्ययात्रा निघाली, १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट वारले, या दोन्ही वेळी काम याच पेढीचं. म्हणजे माणूस शिस्तीचा, वक्तशीर, पैशाने सुखी.

बँटिंग यांचा जन्म १७९६ चा. आईवडिलांपैकी कुणी लठ्ठ नव्हतं आणि स्वतःही काही आळशी नव्हते, तरी तिशीनंतर वजन वाढत गेलं. उंची ५ फूट ५ इंच आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उलटा, पाठमोरा उतरायचे. रस्त्यात लोक टोमणे मारायचे ते वेगळंच.

उपाय करायचे त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. एका डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर हे रोज सकाळी दोन तास नदीत होडी वल्हवायला लागले. दंड भरले, पण भूक इतकी खवळली की वजन उलट वाढलं! मग घोडेस्वारी, समुद्रस्नान, टर्किश बाथ, ठिकठिकाणच्या झऱ्यांचं औषधी पाणी. शेवटी उपासमारही करून बघितली. तिचा परिणाम मात्र प्रत्येक डाएटवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे. अंगातली ताकद गेली, अंगभर फोड आले, त्यातले दोन तर इतके मोठे झाले की शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर तब्येत सुधारायला म्हणून नीट खायला लागले आणि वजन पुन्हा वर!

गंमत म्हणजे खरा उपाय सापडला तो कानाच्या डॉक्टरकडे. ऐकू कमी येतं म्हणून बँटिंग सोहो स्क्वेअरमधल्या विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वींनी पॅरिसला क्लॉद बर्नार यांची मधुमेहावरची लेक्चर्स ऐकली होती. यकृत स्वतःच साखर तयार करतं हा शोध याच बर्नार यांचा. हार्वींनी विचार केला, की मधुमेहात साखर आणि पिठूळ पदार्थ कमी करतात, मग लठ्ठपणात का नाही? त्यांच्या मते कानाचं दुखणंही चरबीमुळेच होतं. त्यांनी बँटिंग यांना सहा गोष्टी बंद करायला सांगितल्या: ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा. बँटिंग हादरलेच असणार, कारण तोवर त्यांचं खाणं बहुतेक यावरच चालायचं.

पण ताट रिकामं ठेवलं नाही, आणि हीच गोष्ट लोक विसरतात. सकाळी ४-५ औंस मटण, बीफ किंवा मासे आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. दुपारी ५-६ औंस मासे किंवा मांस आणि बटाटा सोडून कोणतीही भाजी. संध्याकाळी थोडी फळं आणि एखादं टोस्टसारखं बिस्कीट. रात्री पुन्हा ३-४ औंस मांस किंवा मासे. दोन वेळा कोरडा टोस्ट होता, पण फक्त एक-एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. (शिवाय दिवसाला चार-पाच ग्लास वाईन होती! संपादक सर, हे मी नाही, हार्वीसाहेबांनी सांगितलंय.)

मी इंजिनिअरिंगवाली, त्यामुळे कॅल्क्युलेटर काढलाच. दिवसाचं मांस झालं १२ ते १५ औंस, म्हणजे ३४० ते ४२५ ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन धरलं तर रोजचं ८५ ते १०५ ग्रॅम. ९२ किलोच्या माणसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कार्बोहायड्रेट खूप कमी केलं, पण शून्य नाही. आणि त्याच्या जागी प्रोटीन आलं, उपास नाही. प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ते पचवायला शरीराची ऊर्जाही जास्त खर्च होते, आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. उपासमारीत फसलेला माणूस इथे टिकला तो त्यामुळे, असं मला वाटतं. बँटिंग स्वतः मात्र सगळं श्रेय साखर आणि पिठूळ पदार्थ सोडण्याला द्यायचे.

आता आपल्या मेसकडे या. सकाळी पोहे, दुपारी चपाती, बटाट्याची भाजी, भात, आणि ज्यात डाळ शोधावी लागते असं वरण. कार्बोहायड्रेटची नुसती रेलचेल! म्हणून चपाती सोडली तर? एका चपातीत साधारण तीन ग्रॅम प्रोटीन असतं. दिवसाला सहा खाणाऱ्याचे अठरा ग्रॅम त्यातूनच येतात. शाकाहारी मुलाने चपाती सोडली आणि जागी काहीच घेतलं नाही, तर त्याचं प्रोटीनही गेलं. बँटिंग यांचा ब्रेड गेला तेव्हा मटण होतं, आपल्या ताटात काय आहे? ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅम. भात अर्धा करून उसळीची दुसरी वाटी घेतली तर ते बँटिंगच्या जास्त जवळ जातं. नुसती काकडी खाऊन रात्री अकराला मॅगी शिजवणं हे तर बँटिंगचं आधीचं, फसलेलं डाएट झालं!

आणखी एक. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून नाचू नका. शरीरातल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. कार्बोहायड्रेट कमी केलं की आधी तेच जातं. बँटिंग यांना ४६ पौंड उतरवायला वर्षाहून थोडं जास्त लागलं, म्हणजे आठवड्याला सरासरी ४०० ग्रॅम. सप्टेंबर १८६३ मध्ये काटा १५६ पौंडांवर आला, कंबर बारा इंचांनी कमी झाली, आणि ऐकूही बरं यायला लागलं.

आनंदाच्या भरात त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि आधी फुकट वाटली. ती इतकी गाजली की पुढच्या आवृत्त्या विकाव्या लागल्या. नफा त्यांनी धर्मादाय संस्थांना दिला. डॉक्टरांनी टीका केली, कारण एक शवपेटीवाला वैद्यकशास्त्र शिकवतो म्हणजे काय! टीकेत थोडं तथ्य होतं, कारण एकाच माणसाचा अनुभव म्हणजे एकच रीडिंग. २०१८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. अर्ध्यांना कमी कार्बोहायड्रेट, अर्ध्यांना कमी चरबीचा आहार. वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं.

तरी नाव मात्र टिकलं. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही 'बांता' म्हणतात, तो शब्द बँटिंगवरूनच आला. दक्षिण आफ्रिकेत तर भरपूर लोणी-चरबीच्या लो-कार्ब आहाराला 'बँटिंग' म्हणतात. मूळ बँटिंगना लोणी बंद होतं, पण ते कोण बघतो!

वजन त्यांनी पुन्हा वाढू दिलं नाही. १८७८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी ते वारले. पेढी पुढे चालू राहिली, आणि १९०१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या अंत्यविधीचं काम तिच्याचकडे आलं.